लोकप्रतिनिधीचें मत : धर्माबादच्या शंकरराव चव्हाणांचा दाखला

निवडून दिलेला प्रतिनिधि सभागृहांत काय बोलला आणि त्यानें आपलें मत कोणत्या पारड्यांत टाकलें, हें मतदारांस कळावें ही अपेक्षा दिसावयास साधी आहे. ती पुरी होण्यास मात्र फार काळ लागला. ज्या इंग्लंडास लोकशाहीचें माहेरघर म्हणतात, तेथेंहि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पार्लमेंटांतील भाषणें छापणें हा सभागृहाचा अवमान समजला जाई. आणि कोणत्या सभासदानें कोणत्या बाजूस मत दिलें याच्या अधिकृत याद्या कॉमन्स सभेकडून छापल्या जाऊं लागण्यास १८३६ साल उजाडलें. आपल्याकडील जुना व ठळक दाखला नामदार गोखल्यांचा. त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेकौंसिलांत मतास पडलें, तेव्हां १३ मतें अनुकूल व ३८ प्रतिकूल पडलीं. कौंसिलांत सरकारी सभासदांचें बहुमत असल्यामुळें निकाल जवळजवळ ठरलेलाच होता. तरी बिल मतास पडलें, आणि कोण कोठें उभा राहिला हें कागदावर राहिलें.

स्वतंत्र भारताच्या विधिमंडळांत हा कागद पुष्कळदां कोराच राहतो. अध्यक्ष प्रश्न मतास टाकतात. 'होय' म्हणणारांचा आवाज एकदां, 'नाहीं' म्हणणारांचा आवाज एकदां, आणि आवाजावरून निकाल. कोणी आग्रह धरून मतविभागणी मागितली तरच मतें मोजलीं जातात. घटनादुरुस्तीस ठराविक बहुमत लागतें म्हणून तेथें मोजणी अटळ असते; एरवीं नाहीं. शिवाय पक्षाचा आदेश आहेच. त्यामुळें 'आमच्या आमदारांनीं अमुक प्रश्नावर मत काय दिलें?' असें कोणी विचारूं गेला, तर केवळ मतांच्या यादीवरून त्यास उत्तर मिळणें कठीण. तें शोधावें लागतें प्रतिनिधीनें धरलेल्या पदांत, केलेल्या करारांत, ज्या सरकारांत तो बसला त्या सरकारच्या कायद्यांत, आणि केव्हां केव्हां त्याच्या स्तब्धतेंतहि. धर्माबादच्या रहिवाशांस हें इतरांपेक्षां अधिक चांगलें कळावें, असा एक दाखला त्यांच्या उंबरठ्यावरच आहे.

धर्माबाद हें नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचें, तेलंगणाच्या सीमेला भिडलेलें गांव. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्टेशन, मिरचीचा बाजार, आणि मराठी व तेलुगु अशा दोन्ही भाषांत चालणारा व्यवहार ही त्याची ओळख. गोदावरी येथून जवळच महाराष्ट्राचा निरोप घेते. पलीकडे बासरचें सरस्वतीमंदिर. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा, आणि त्यानंतर आठ वर्षें हैदराबाद राज्याचा. राज्यांच्या सीमारेषा मागाहून ओढल्या गेल्या; नदी व बाजार त्यापूर्वींचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९५७ च्या निवडणुकींत धर्माबाद मतदारसंघानें काँग्रेसचे शंकरराव भाऊराव चव्हाण यांस विधानसभेंत पाठविलें. शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. उस्मानिया विद्यापीठांतून वकिलीची परीक्षा दिलेले, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावळींतील कार्यकर्ते, नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष, अशी त्यांची तोंवरची वाटचाल. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळांत ते १९५६ सालींच महसूल खात्याचे उपमंत्री झाले होते.

ती निवडणूक साधी नव्हती. ऑगस्ट १९५६ मध्यें लोकसभेनें विशाल द्वैभाषिकाचा निर्णय २४१ विरुद्ध ४० मतांनीं घेतला होता. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनीं अर्थमंत्रिपद सोडलें होतें. पश्चिम महाराष्ट्रांत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेपुढें काँग्रेसचे गड एकामागून एक ढासळले. अशा वेळीं काँग्रेसच्या तिकिटावर उभें राहणें म्हणजेच द्वैभाषिकास संमति देणें होतें. त्यास वेगळ्या मतदानाची जरूर नव्हती. मराठवाड्यांत मात्र काँग्रेसचें फारसें नुकसान झालें नाहीं. पुण्याच्या वाचकास यांत कच खाल्ल्यासारखें वाटेल. परंतु धर्माबादकडून पाहणारास चित्र निराळें दिसे. तेलुगु, कानडी व मराठी अशा तीन भाषांच्या राज्यांतून सुटून मराठी मुलखास मिळावयाचें, हें या भागाचें पहिलें मागणें होतें, आणि द्वैभाषिकानें तेवढें तरी पदरांत पडलें. मुंबईवरून भांडणारा आणि मागासलेपणावरून भांडणारा, दोघेहि मराठीच. पण त्यांचीं दुखणीं एक नव्हतीं. १९५३ च्या नागपूर करारांत मराठवाड्यास विकासांत व नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचें वचन लिहिलें गेलें तें यासाठींच. त्या वचनाचें पुढें काय झालें, हा मराठवाड्याचा प्रत्येक आमदार आजतागायत विचारीत आलेला प्रश्न आहे.

शंकररावांनीं तो प्रश्न पाण्याच्या भाषेंत विचारला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दशकांत पाटबंधारे खातें दीर्घकाळ त्यांच्याकडे होतें. गोदावरीचा उगम नाशकाकडे. वरच्या अंगास नाशिक व अहमदनगर या जिल्ह्यांचे जुने कालवे व उसाचे मळे, खालच्या अंगास मराठवाड्याची कोरडवाहू काळी जमीन. बीड जिल्ह्यांतील जायकवाडी या खेड्याजवळ योजिलेलें धरण पैठणास हलविलें गेलें, नांव तेवढें जुनेंच राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं त्याचा पाया घातला, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींच्या हस्तें उद्घाटन झालें, तेव्हां शंकरराव राज्याचे मुख्य मंत्री होते. सुमारें शंभर अब्ज घनफुटांचा हा नाथसागर भरावा तर वरच्या धरणांनीं पाणी सोडलें पाहिजे, आणि वरच्यांनीं सोडावें तर त्यांच्या उसास आळा बसला पाहिजे. बारमाही उसाऐवजीं आठमाही पिकांस पाणी, हें धोरण शंकररावांनीं उचलून धरलें तें या हिशेबानें. साखर कारखानदारांच्या पक्षांत राहून उसाच्या पाण्यास हात घालणें हें अवघड काम. त्यांच्या राजकीय एकाकीपणाचें एक कारण येथेंच आहे. नाथसागराखालीं ज्यांचीं गांवें बुडालीं त्यांचें गाऱ्हाणें मात्र या कौतुकांत ऐकूं येईनासें होतें, आणि तें ऐकूं यावयास हवें.

२१ फेब्रुवारी १९७५ रोजीं ते मुख्य मंत्री झाले आणि चार महिन्यांतच आणीबाणी आली. शिस्तीच्या हव्यासामुळें लोक त्यांस 'हेडमास्तर' म्हणत. कचेरींत कारकून वेळेवर येऊं लागले ही गोष्ट त्या काळीं फार वाखाणली गेली. परंतु त्याच सरकारच्या कारकीर्दींत, १९७६ सालीं, महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कुटुंबाच्या आकारमानावर मर्यादा घालणारें विधेयक संमत केलें. तीन जिवंत अपत्यांनंतर नसबंदीची सक्ति करणारें असें विधेयक मंजूर करणारें महाराष्ट्र हें पहिलें राज्य. राष्ट्रपतींची संमति त्यास मिळाली नाहीं म्हणून तें कायद्याच्या पुस्तकांत आलें नाहीं. पण सभागृहानें आपल्याकडून हात वर केला होता, ही गोष्ट त्यामुळें पुसली जात नाहीं. शंकररावांचा हिशेब मांडतांना जायकवाडी जमेस धरावयाची तर हें विधेयक खर्चीं टाकलेंच पाहिजे. शिस्त शाळेंत शोभते. माणसाच्या देहावर ती कायद्यानें लादूं म्हणणारें सभागृह आपल्या अधिकाराची मर्यादा विसरलें होतें, असेंच म्हणावें लागतें.

त्याच काळांत आणखी एक कागद सही झाला, ज्याची त्या वेळीं वर्तमानपत्रांबाहेर फारशी वाच्यता झाली नाहीं. गोदावरीच्या पाण्यावरून महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा व कर्नाटक या राज्यांचा तंटा १९६९ सालीं न्यायमूर्ति बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाकडे गेला होता. साक्षी-पुरावे चालूं असतांनाच राज्यांनीं आपापसांत करार करण्यास प्रारंभ केला. ६ ऑक्टोबर १९७५ रोजीं महाराष्ट्राच्या वतीनें शंकरराव चव्हाण व आंध्राच्या वतीनें जलगम वेंगळराव, अशा दोन मुख्य मंत्र्यांनीं करार केला. पैठणपर्यंतचें गोदावरीचें आणि सिद्धेश्वरपर्यंतचें पूर्णेचें सर्व पाणी महाराष्ट्राचें. त्याखालीं पोचमपाड धरणापर्यंतच्या खोऱ्यांत, मांजरेच्या बाजूस निजामसागराखालचा भाग धरून, महाराष्ट्रानें नव्या योजनांसाठीं ६० अब्ज घनफुटांपर्यंत पाणी वापरावें. आंध्रानें पोचमपाडची पूर्ण संचय-पातळी १०९१ फूट ठेवावी आणि उरलेलें पाणी हवें तसें वापरावें. लवादाच्या १९८० च्या अंतिम निवाड्यांत हा करार जसाच्या तसा समाविष्ट झाला.

अशा कराराचा प्रत्येक शब्द विधिमंडळांत मतास टाकावा लागत नाहीं. मुख्य मंत्री सही करतो आणि राज्य बांधलें जातें. म्हणजे धर्माबादच्या माजी आमदाराचें धर्माबादच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें 'मत' कोणत्याहि मतदानाच्या यादींत सांपडणार नाहीं. तें या करारांत आहे. पोचमपाडचा पाया १९६३ सालीं पंडित नेहरूंनीं घातला होता; त्याचा फुगवटा गोदावरीच्या पात्रांतून महाराष्ट्राच्या हद्दींत शिरतो. वर पैठणचें धरण मिळालें आणि त्याखालीं साठ अब्ज घनफूट, एवढ्यावर महाराष्ट्रानें समाधान मानलें. सौदा वाईट नव्हता. वरच्या मराठवाड्यास तर तो निश्चित लाभाचा होता. खालच्या टोकास काय आलें हें कळण्यास तीस वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांतील राजकारण येथें थोडक्यांतच सांगण्याजोगें आहे. मे १९७७ मध्यें मुख्य मंत्रिपद गेलें. शंकररावांनीं पक्ष सोडून महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली, आणि १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळांत ते मंत्री झाले. त्याच वर्षीं, २७ जुलै रोजीं, मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं एकमतानें संमत केला. एकमतानें, हा शब्द येथें नीट वाचावा. सभागृहांत एकहि विरोधी आवाज निघाला नाहीं, आणि बाहेर मराठवाड्यांत दलितांचीं घरें जळलीं. नांदेड जिल्हा त्यांत अग्रभागीं होता. ठरावाची अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्ताराच्या रूपानें झाली. मधल्या साडेपंधरा वर्षांत राज्यानें अनेक मुख्य मंत्री पाहिले, आणि १९८६ ते १९८८ या काळांत खुद्द शंकरराव पुन्हां त्या पदावर होते. मत देणें आणि मत निभावणें या दोन गोष्टी किती दूर असूं शकतात, याचें इतकें कडू उदाहरण दुसरें मिळणें अवघड.

१९८० व १९८४ सालीं नांदेडनें त्यांस लोकसभेवर पाठविलें. तोंवर ते पुन्हां काँग्रेसवासी झाले होते. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळांत ते गृहमंत्री असतांना, जानेवारी १९८५ मध्यें, पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती संमत झाली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा सभासद आपली जागा गमावूं लागला. सात वर्षांपूर्वीं स्वतः पक्ष बदललेल्या गृहस्थास या दुरुस्तीच्या वेळीं काय वाटलें असेल? सांगणें कठीण, पण तेव्हांपासून कोणाहि खासदाराची मतदानाची यादी ही त्याच्या पक्षाची यादी झाली, हें खरें. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत दहशतवादविरोधी 'टाडा' कायदा झाला, आणि १९९५ च्या मे महिन्यांत तो मुदत संपून लोपला, तेव्हांहि गृहमंत्री शंकररावच होते. मधल्या दहा वर्षांत हजारों माणसें या कायद्याखालीं तुरुंगांत गेलीं आणि शिक्षा झाल्या त्या फार थोड्यांस. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांनीं तो पुढें चालवूं नये असें पत्र खासदारांस लिहिलें होतें. सरकारनें मुदत वाढविली नाहीं. बाबरी मशीद पडली त्या दिवशीं, ६ डिसेंबर १९९२ रोजींहि, देशाचें गृहखातें त्यांच्याच हातीं होतें. मशीद राखण्याचें आश्वासन उत्तर प्रदेश सरकारनें न्यायालयास दिलें होतें, आणि त्यावर केंद्रानें विसंबून राहावयास नको होतें, हा ठपका त्या मंत्रिमंडळावरून कधींच पुसला गेला नाहीं.

राज्यसभेंतील त्यांच्या अखेरच्या वर्षांचें एक काम मात्र विशेष उल्लेखनीय आहे. मार्च १९९७ मध्यें सभापति के. आर. नारायणन् यांनीं सभासदांच्या वर्तनासंबंधीं नीतिसमिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद शंकररावांकडे दिलें. भारतीय संसदेंत अशी समिति प्रथमच होत होती. सभासदांनीं आपले आर्थिक हितसंबंध नोंदवहींत लिहावे, ज्या विषयांत आपला पैसा गुंतला आहे त्यावर बोलण्यापूर्वीं तसें सांगावें, अशा शिफारसी तिनें केल्या. जे आयुष्यभर अंमलदारांच्या हजेरीपटाची चौकशी करीत आले, त्यांनीं शेवटीं सभासदांचा हजेरीपट मागितला, असें म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं. २६ फेब्रुवारी २००४ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्यानंतर दोन वर्षांनीं तो १९७५ चा कागद पुन्हां उघडला गेला. धर्माबाद तालुक्यांत बाभळी येथें गोदावरीवर महाराष्ट्र बंधारा बांधीत होता. हें ठिकाण राज्याच्या सीमेपासून सुमारें ७ किलोमीटर वर, आणि पोचमपाड धरणापासून सुमारें ८१ किलोमीटर वर. म्हणजे पोचमपाडच्या फुगवट्याच्या आंत, पण महाराष्ट्राच्या भूमीवर. बंधाऱ्याची धारणशक्ति २.७४ अब्ज घनफूट. महाराष्ट्र म्हणे, हें पाणी आमच्या साठ अब्जांतलें. आंध्र म्हणे, आमच्या जलाशयांत हात घालून तुम्ही आमचें पाणी उपसणार. २००६ सालीं आंध्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. पुढच्या वर्षीं न्यायालयानें बांधकामास मुभा दिली, परंतु दारें बसविण्यास मनाई केली. शिरा आहे पण डोळा नाहीं, अशा स्थितींत बंधारा कांहीं वर्षें उभा राहिला.

जुलै २०१० मध्यें आंध्र विधानसभेंतील विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपले आमदार-खासदार घेऊन बंधारा पाहण्यास निघाले आणि मनाईहुकूम मोडून महाराष्ट्राच्या हद्दींत शिरले. त्यांस अटक करून धर्माबादेच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत ठेवण्यांत आलें. तेलंगणांत त्या महिन्याच्या अखेरीस पोटनिवडणुका होत्या, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे त्या निश्चयाचा आणखी एक अर्थ लागतो. महाराष्ट्राचे मुख्य मंत्री त्या वेळीं अशोकराव चव्हाण होते. ज्या नदीच्या करारावर बापानें सही केली, तिच्याच कांठचा तंटा मुलाच्या दारीं आला. सभागृहांतील मतापेक्षां रस्त्यावरील भूमिका मतदारांस अधिक लवकर दिसते, हें दोन्ही राज्यांतील पुढाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें. त्या प्रकरणाचा खटला रेंगाळत राहिला आणि सप्टेंबर २०१८ मध्यें धर्माबादच्या न्यायालयानें नायडूंवर अटकेचें वॉरंट काढलें, तेव्हां ते स्वतः मुख्य मंत्री होते.

दाव्याचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं न्यायमूर्ति लोढा यांच्या पीठानें दिला. बंधारा राहील, असा त्याचा पहिला भाग. दुसरा भाग दारांचा. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळांत सर्व दारें वर उचललेलीं असावीं, म्हणजे पावसाळ्याचा प्रवाह अडूं नये. २९ ऑक्टोबरपासून जूनअखेर तीं खालीं सोडावीं. १ मार्च रोजीं ०.६ अब्ज घनफूट पाणी पोचमपाडकडे सोडावें. देखरेखीस केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन्ही राज्यांचा एकेक अशी त्रिसदस्य समिति असावी. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला बाभळीचीं दारें प्रथम खालीं उतरलीं. पुढें २०१४ सालीं तेलंगण वेगळें झालें, आणि आंध्राची बाजू त्याच्याकडे आली.

धर्माबादच्या शेतकऱ्याची तक्रार या तारखांविषयींच आहे. नदीला पूर असतो तेव्हां दारें उघडीं. दारें लागतात तेव्हां परतीचा पाऊसहि बहुधा सरलेला असतो. मग बंधारा भरावा कशानें? ऑक्टोबरच्या अखेरीस वरच्या विष्णुपुरीकडून किंवा जायकवाडीकडून पाणी आलें तर, किंवा पोचमपाडचा जलाशय तुडुंब असून त्याचा फुगवटा बाभळीपर्यंत पोहोंचला असला तर. वरचीं धरणें त्याच मराठवाड्याचीं, आणि तीं भरण्याचा आग्रह धरणारे पुढारीहि त्याच मराठवाड्याचे. तारखा बदलून घ्याव्या असें प्रत्येक निवडणुकींत नांदेड जिल्ह्यांतील उमेदवार सांगतात. पण त्या तारखा कोणत्याहि विधानसभेच्या मतदानानें बदलणाऱ्या नाहींत. त्या न्यायालयाच्या हुकुमनाम्यांत आहेत, आणि हुकुमनाम्याचा आधार १९७५ च्या करारांत. दर वर्षीं जुलैच्या पहिल्या दिवशीं समितीचे अधिकारी बाभळीस येतात, पंचनामा होतो, दारें वर जातात, आणि गोदावरी बासरकडे वाहूं लागते.